पाथफाइंडर २ : चाचणीत काय टिकलं, काय कापलं गेलं

पायझो कंपनीच्या पाथफाइंडर या रोलप्लेइंग गेमची (टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन, फाशांवर खेळायचा खेळ) दुसरी आवृत्ती १ ऑगस्ट २०१९ रोजी बाजारात आली. कोअर रूलबुक, म्हणजे मुख्य नियमपुस्तक, ६४० पानांचं. पुस्तक उत्तम आहे, हे सुरुवातीलाच सांगतो. पण ते उत्तम का झालं हे समजून घ्यायचं तर एक वर्ष आधीचं पुस्तक शेजारी उघडून बसायला हवं. २ ऑगस्ट २०१८ ला याच आवृत्तीचं प्लेटेस्ट (जाहीर चाचणीचं) रूलबुक आलं होतं. ४३२ पानं, पीडीएफ फुकट, आणि सगळ्यांना खुलं आवाहन: खेळा, मोडून बघा, आम्हाला कळवा. त्या पुस्तकातले कितीतरी नियम पक्क्या पुस्तकात नाहीत आणि जे आहेत त्यांतले बरेच ओळखू येणार नाहीत इतके बदललेत. हे परीक्षण त्या बदलांचं आहे.

पायझोला ही पद्धत नवी नव्हती. पाथफाइंडरची पहिली आवृत्तीच तशी घडली होती. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या त्याच जातीच्या जुन्या खेळाच्या ३.५ आवृत्तीचे खुल्या परवान्याखालचे नियम घेऊन मार्च २००८ मध्ये अल्फा, ऑगस्टमध्ये बीटा आणि ऑगस्ट २००९ मध्ये पक्कं पुस्तक. तेव्हा मात्र आधीच चालू असलेल्या खेळाची डागडुजी होती. २०१८ मध्ये पाया नवा होता: प्रत्येक पाळीला तीन ॲक्शन (कृती) आणि एक रिॲक्शन (प्रत्युत्तर), प्रत्येक चेकला, म्हणजे फासा टाकून घेतलेल्या परीक्षेला, चार निकाल, आणि प्रत्येक कौशल्याला पाच पायऱ्या (अनट्रेंड, ट्रेंड, एक्स्पर्ट, मास्टर, लेजंडरी). पाया नवा असला की चुका कुठे निघतील हे आतल्या माणसांना सांगता येत नाही.

चाचणीसाठी ‘डूम्सडे डॉन’ नावाचं सात भागांचं साहस दिलं होतं. भाग अनुक्रमे १, ४, ७, ९, १२, १४ आणि १७ लेव्हलचे (लेव्हल म्हणजे पात्राची चढत जाणारी पातळी). पहिला, चौथा आणि सातवा भाग एकाच पात्रांनी खेळायचा, बाकीच्यांना दर वेळी नवी पात्रं. प्रत्येक भागाला विषय ठरलेला: एकात नेहमीचं भुयार, एकात नकाशाचे षट्कोन पालथे घालत प्रदेश शोधणं, एकात चाच्यांच्या गोतावळ्यात शिरकाव. प्रत्येक भाग संपला की खेळाडूंसाठी वेगळी प्रश्नावली, गेम मास्टरसाठी, म्हणजे खेळ चालवणाऱ्यासाठी, वेगळी, आणि मोकळेपणानं लिहायला तिसरी. किती जण पडले, किती वेळ लागला असे आकडे पहिल्या दोन प्रश्नावल्यांतून मिळायचे. हे मला या संपूर्ण उपक्रमातलं सर्वांत शहाणपणाचं काम वाटतं. नुसतं ‘आवडलं का?’ विचारलं की मत मिळतं. सगळ्यांना एकच लढाई लढायला लावली की मोजमाप मिळतं.

मोजमापाच्या या हौसेची किंमतही मोजावी लागली. १२ लेव्हलच्या भागात शत्रूंच्या लाटांमागून लाटा येतात आणि पात्रं कुठवर तग धरतात एवढंच पाहायचं असतं. डिझायनरला त्यातून अमूल्य माहिती मिळते, पण टेबलावर बसलेल्या चौघांची संध्याकाळ हरण्यात जाते. ही परीक्षा आहे, जिंकायची लढाई नव्हे, हे आधी ठळकपणे सांगितलं नाही की पुढच्या प्रश्नावलीत नियमांवरचा राग आणि त्या रात्रीचा राग एकत्र भरला जातो. मग त्यातून आकडे वेगळे काढणं कठीण.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे रेझोनन्स या जादूच्या वस्तूंवरच्या मर्यादेकडे. जाहीर चाचणी नेमकी काय करू शकते आणि काय नाही, हे या एका नियमाच्या प्रवासात स्वच्छ दिसतं.

पहिल्या आवृत्तीत ‘क्युअर लाइट वून्ड्स’ या जखमा भरणाऱ्या मंत्राची छडी ७५० सोन्याच्या नाण्यांना मिळायची. ५० चार्ज, दर चार्जला १डी८+१ (आठ बाजूंचा एक फासा अधिक एक) म्हणजे सरासरी ५.५ हिट पॉइंट, पात्राच्या जीवाचे गुण. एका छडीत साधारण २७५ हिट पॉइंट. चौथ्या-पाचव्या लेव्हलनंतर ही रक्कम किरकोळ होते. त्यामुळे प्रत्येक टोळीकडे अशा दोन-तीन छड्या असायच्या आणि लढाई संपली की सगळे पुन्हा ठणठणीत. जखमेला अर्थ उरत नव्हता आणि क्लेरिक या पुजारी-पात्राच्या उपचारांनाही.

प्लेटेस्टमधलं उत्तर असं: प्रत्येक पात्राला रोज लेव्हल अधिक करिश्मा मॉडिफायर (करिश्मा, म्हणजे व्यक्तिमत्त्वाची छाप, या गुणावरून येणारी बेरीज-वजाबाकी) इतके रेझोनन्स पॉइंट. जादूची वस्तू अंगावर धारण करायला एक, छडी वापरायला एक, आणि पोशन प्यायलाही एक. संपले की तरीही वापरून बघता येतं, पण मग साधा फासा टाकून नशीब आजमावायचं, आणि दर खेपेला ते अवघड होत जातं.

आता एका बुटक्या फायटरचं गणित करू. ड्वार्फला, म्हणजे या बुटक्या जमातीला, करिश्मात वजाबाकी असते. पहिल्या लेव्हलला करिश्मा ८, मॉडिफायर उणे एक. १ वजा १ बरोबर शून्य. म्हणजे मरणाच्या दारात पडलेल्या या योद्ध्याच्या तोंडात मित्रानं औषधाची बाटली रिकामी केली, तरी ती लागू पडेल की नाही हे फाशावर. कागदावर हा नियम नीटनेटका दिसतो. खेळताना तो पहिल्याच भुयारात अंगावर येतो आणि तोही ज्याला औषधाची सर्वांत जास्त गरज आहे त्याच्यावर. अल्केमिस्टचं, म्हणजे बॉम्ब आणि औषधं बनवणाऱ्या पात्राचं, तर विचारूच नका. त्याचे बॉम्बही याच पॉइंटांतून निघत होते, म्हणजे त्याचा धंदा आणि त्याचं औषधपाणी एकाच गल्ल्यातून.

प्रतिसाद जोरदार विरोधी होता. चाचणी चालू असतानाच पायझोनं रेझोनन्सची सुधारित मांडणी तपासायला वेगळा छोटा प्रयोग काढला. शेवटी पक्क्या पुस्तकात उरलं ते इतकंच: दिवसाला जास्तीत जास्त १० जादूच्या वस्तू ‘इन्व्हेस्ट’ करता (अंगावर धारण करून चालू करता) येतात. पोशन प्यायला काही लागत नाही. अल्केमिस्टला स्वतःचे इन्फ्यूज्ड रीएजंट (बॉम्ब-औषधांचा कच्चा माल) मिळाले, लेव्हल अधिक इंटेलिजन्स मॉडिफायर इतके.

पण मग छड्यांचं काय झालं? इथेच खरी कारागिरी आहे. लोकांनी सांगितलं होतं की रेझोनन्स नको. छड्या पुन्हा सुटल्या तर काय, हे कुणी प्रश्नावलीत लिहून देत नाही. ते डिझायनरनं शोधायचं. उत्तर मिळालं ‘ट्रीट वून्ड्स’मध्ये. मेडिसिनमध्ये ट्रेंड असलेलं कुणीही, उपचारपेटी जवळ असेल तर, १० मिनिटांत डीसी १५ च्या (डीसी म्हणजे गाठायचा आकडा) चेकवर २डी८ हिट पॉइंट परत आणतं. क्रिटिकल सक्सेस (मोठं यश) झालं तर ४डी८. क्रिटिकल फेल्युअरला उलट १डी८ जखम. त्याच माणसावर पुन्हा उपचार तासाभरानं. एक्स्पर्ट झालात की डीसी २० घेऊन १० हिट पॉइंट वरकड, मास्टरला डीसी ३० आणि ३०, लेजंडरीला डीसी ४० आणि ५०. उपचार फुकट झाले, पण त्याला वेळ लागतो. छडीची गरजच संपली. शिवाय गेम मास्टरच्या हातात घड्याळ आलं: दहा मिनिटं थांबायला परवडतंय का, हा प्रश्न प्रत्येक दारापाशी पडतो. बंदी घालून जे साधलं नाही ते पर्याय देऊन साधलं. रूलबुकमधला माझा सर्वांत आवडता नियम हाच आहे आणि २०१८ च्या छापील पुस्तकात तो नव्हता. चाचणीदरम्यानच्या एका अपडेटमधून तो आला.

दुसरा मोठा बदल आकड्यांचा. प्लेटेस्टमध्ये प्रोफिशियन्सी (प्रावीण्याचा बोनस) अशी होती: अनट्रेंडला लेव्हल वजा दोन, ट्रेंडला लेव्हल, एक्स्पर्टला अधिक एक, मास्टरला अधिक दोन, लेजंडरीला अधिक तीन. वीस लेव्हलला पोहण्याचं कधी नावही न काढलेल्या माणसाचा बोनस १८ आणि जगप्रसिद्ध पोहणाऱ्याचा २३. फरक पाचच. वीस बाजूंच्या फाशावर हा फरक २५ टक्क्यांचा. जन्मभराच्या तपश्चर्येला एवढंच फळ? चाचणीत अनट्रेंडची वजाबाकी आधी चारवर नेली. तेवढ्यानं भागलं नाही. पक्क्या पुस्तकात सगळी शिडीच बदलली: अनट्रेंडला सपाट शून्य, लेव्हलसुद्धा धरायची नाही. ट्रेंडला लेव्हल अधिक २, मग ४, ६ आणि ८. वीस लेव्हलला एकीकडे शून्य, दुसरीकडे २८.

हा बदल चार निकालांच्या पद्धतीशी कसा जोडला जातो ते नीट पाहण्यासारखं आहे. डीसीपेक्षा १० नं जास्त आलं तर क्रिटिकल सक्सेस, १० नं कमी तर क्रिटिकल फेल्युअर. फाशावर २० पडला की निकाल एक पायरी वर, १ पडला की एक पायरी खाली. आता ७ लेव्हलचा फायटर घ्या, ॲथलेटिक्समध्ये मास्टर, स्ट्रेंग्थ १८. बोनस ७ अधिक ६ अधिक ४, म्हणजे १७. सात लेव्हलचा डीसी २३. फाशावर ६ ते १५ पडलं तर यश, १६ पासून पुढे क्रिटिकल. म्हणजे ५० टक्के यश, २५ टक्के क्रिटिकल यश, २ ते ५ वर साधं अपयश म्हणजे २० टक्के, आणि क्रिटिकल फेल्युअर फक्त १ पडला तर, ५ टक्के. याच फायटरकडे मास्टरऐवजी नुसतं ट्रेंड असतं तर बोनस १३. यश १० पासून, क्रिटिकल फक्त २० वर. चार अंकांनी क्रिटिकलची शक्यता २५ वरून ५ टक्क्यांवर आली. जुन्या शिडीत ट्रेंड आणि मास्टर यांच्यात दोनच अंक होते. या खेळात एक अधिकचा बोनस किती मोलाचा असतो ते नवख्यांना पटत नाही, आणि बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच असतं. ‘बार्डच्या गाण्याचा +१ काय कामाचा?’ असं म्हणणाऱ्याला ही बेरीज करून दाखवा.

ढालीचा नियमही बदलला. प्लेटेस्टमध्ये ढालीला ‘डेन्ट’ पडायचे आणि ते मोजत बसावं लागायचं. आता पोलादी ढालीला हार्डनेस ५, हिट पॉइंट २०, आणि १० ला ती मोडते. शील्ड ब्लॉक करून १२ चा घाव झेलला तर ५ ढाल खाते, उरलेले ७ तुम्हालाही आणि ढालीलाही. ढाल २० वरून १३ वर. असाच दुसरा घाव आला की ६ वर, म्हणजे मोडली. मोडकी ढाल दुरुस्त होते, शून्यावर गेलेली होत नाही. साधा हिशोब आहे, पण नवे खेळाडू दोन ठिकाणी चुकतात: आधी एक ॲक्शन खर्चून ढाल उचललेली नसेल तर ब्लॉक करता येत नाही, आणि मोठा घाव ब्लॉक करणं दर वेळी शहाणपणाचं नसतं. ढाल वाचवून नुसते +२ एसी (शत्रूला घाव घालायला गाठावा लागणारा आकडा) घेणं पुष्कळदा बरं.

मरणाच्या नियमातही सुधारणा झाली. आधी सावरण्याचा डीसी तुम्हाला पाडणाऱ्या शत्रूवरून ठरायचा, त्यामुळे तो आकडा कुणीतरी लक्षात ठेवावा लागे. आता सपाट फासा (कोणताही बोनस न मिळवता), डीसी १० अधिक तुमची डायिंग किंमत, म्हणजे मरणाच्या किती जवळ आहात तो आकडा. चारला मृत्यू. आणि एकदा पडून उठलेल्याला ‘वून्डेड’ चिकटतं, म्हणजे दुसऱ्यांदा पडलात तर मरण एक पायरी जवळ. पडा-उठा-पडाचा खेळ यानं थांबला. सिग्नेचर स्किल्स, म्हणजे ठरावीक कौशल्यंच एक्स्पर्टच्या वर नेण्याची सक्ती, तर चाचणीतच रद्द झाली. पॅलाडिन (धर्मयोद्धा) फक्त लॉफुल गुड, म्हणजे नियम पाळणारा सज्जन, असायचा; पक्क्या पुस्तकात चॅम्पियन झाला आणि तिन्ही प्रकारच्या सज्जनांना दार उघडलं.

आता उणिवा. प्रत्येक भागाला जेमतेम दोन-तीन आठवडे होते आणि त्याच काळात नियमांची अपडेट येत होती, १.६ पर्यंत. एखाद्या गटानं भाग सुरू केला एका नियमावर आणि संपवला दुसऱ्यावर, असं सहज होऊ शकत होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी हे कोणत्याही चाचणीचं पहिलं सूत्र, आणि डिसेंबर २०१८ अखेरची मुदत गाठण्याच्या घाईत ते पाळलं गेलं नाही. दुसरं, सुट्या-सुट्या लेव्हलांवर उडी मारत खेळल्यामुळे पहिल्या लेव्हलपासून हळूहळू वाढण्याचा अनुभव तपासलाच गेला नाही. पैसे किती साठतात, वस्तू कधी हाती येतात, तिसऱ्या लेव्हलला खेळ कंटाळवाणा होतो का, हे एकाच सलग मोहिमेतून कळतं.

याचा परिणाम सुरुवातीच्या छापील साहसांत दिसतो. ‘एज ऑफ ॲशेस’ आणि ‘फॉल ऑफ प्लेगस्टोन’ खेळणाऱ्या गटांनी ती फार कठीण असल्याचं वारंवार म्हटलंय. ती घेणार असाल तर लढाईचं बजेट, म्हणजे शत्रूंच्या ताकदीची एक्सपी गुणांतली बेरीज, स्वतः तपासा: चार खेळाडूंसाठी मॉडरेट (मध्यम) ८० एक्सपी, सिव्हिअर (कठीण) १२०, एक्स्ट्रीम १६०. टोळीपेक्षा दोन लेव्हल वरचा एकटा राक्षस ८० चा, तीन वरचा १२० चा. कागदावर ८० मॉडरेट, पण पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला असा एकटा राक्षस एका क्रिटिकलमध्ये माणूस आडवा करतो. तिथे त्याच ८० मध्ये कमी लेव्हलचे चार शत्रू ठेवा. आणि अल्केमिस्ट: रेझोनन्स उशिरा काढल्यामुळे त्याची नवी बांधणी पुरेशी खेळली गेली नाही, असं माझं ठाम मत आहे. नंतरच्या छपायांत त्याच्यावर दुरुस्त्या कराव्या लागल्या, हे उगाच नाही.

तुलनेसाठी डन्जन्स अँड ड्रॅगन्सची चाचणी घ्या. ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालेल्या त्या चाचणीत साहस दिलं नव्हतं, नियमांचे तुकडे दिले आणि समाधानाची टक्केवारी विचारली. साधारण ७० टक्क्यांच्या वर असेल तर नियम टिकवायचा, असं डिझायनरांनी जाहीरपणे सांगितलं. पहिल्याच तुकड्यात राक्षसांचे क्रिटिकल काढून टाकले होते, पुढच्यात परत आले. एप्रिल २०२३ मध्ये वॉरलॉक या जादूगार-पात्राची पॅक्ट मॅजिक ही जुनी जादूपद्धत काढली, सप्टेंबरमध्ये परत आणली. सप्टेंबर २०२४ च्या पुस्तकात म्हणूनच धाडसाच्या कल्पना कमी आणि ओळखीच्या जास्त आहेत. टक्केवारीवर चालणारी चाचणी सवयीच्या बाजूनं झुकते. नव्या नियमाला पहिल्या वाचनात ७० टक्के मिळणं अवघड, कारण तो अजून कुणी दोन महिने खेळलेला नसतो. पायझोनं विरोध ऐकला, पण जुनं परत आणून मोकळी झाली नाही.

आणि चाचणी टाळली की काय होतं, याचाही नमुना आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या खुल्या परवान्यावरून २०२३ मध्ये झालेल्या वादानंतर पायझोनं नियमांची नवी मांडणी घाईनं केली आणि नोव्हेंबरमध्ये प्लेअर कोअर हे नवं नियमपुस्तक काढलं. त्यात वून्डेड आणि डायिंग यांची बेरीज नक्की कधी करायची हे अशा शब्दांत छापलं गेलं की प्रत्येक नापास फाशाला वून्डेड मिळवायचं असा अर्थ निघत होता. दोनदा पडलेला माणूस पुढच्या नापास फाशात मेलाच. नंतर दुरुस्ती काढून खुलासा करावा लागला. शंभर टेबलांवर एक महिना फिरलं असतं तर हे वाक्य छापखान्यात गेलंच नसतं.

याउलट नवे क्लास (पात्रांचे प्रकार) आजही चाचणीतून जातात आणि तिथे ही पद्धत सर्वांत चांगली चालते, कारण बदलतो तो एकच क्लास, बाकी खेळ स्थिर. २०२० च्या चाचणीतला मेगस (तलवार आणि जादू दोन्ही वापरणारा क्लास) आधी तलवारीचा फासा टाकायचा आणि मग स्पेलचा, म्हणजे मंत्राचा, वेगळा. दोन्ही लागायला हवेत, आणि दुसऱ्यावर एकाच पाळीत अनेक हल्ले केल्याची वजाबाकी. ६० टक्के शक्यतेचा पहिला आणि ३५ टक्क्यांचा दुसरा धरला तर दोन्ही लागण्याची शक्यता २१ टक्के. पुस्तकात आला तेव्हा स्पेलस्ट्राइकला, म्हणजे त्याच्या या जोडहल्ल्याला, एकच फासा होता.

अशा चाचणीत भाग घ्यायचा असेल तर पुणे-मुंबईतल्या गटांनाही काही अडचण नाही. कागद फुकट असतो आणि प्रश्नावली ऑनलाइन. खेळताना एका वहीत इतकं टिपा: कोणती लेव्हल, किती जण, लढाई किती राउंड चालली, कोण कधी पडलं, कुठल्या पानापाशी खेळ थांबवून वाचावं लागलं. ‘वाचून पटलं नाही’ आणि ‘खेळून अडलं’ हे वेगवेगळ्या रकान्यांत. उपाय सुचवू नका असं नाही, पण अडचण आधी लिहा. आणि चाचणी चालू असताना घरचे नियम घालू नका, नाहीतर तुम्ही स्वतःचाच खेळ तपासत बसाल.

खरेदीचं म्हणाल तर ६४० पानांचं जुनं कोअर रूलबुक आता संग्रहासाठी. नव्यानं सुरू करणाऱ्यानं प्लेअर कोअर आणि जीएम (गेम मास्टर) कोअर घ्यावं, तेही पीडीएफ. जाड पुस्तक परदेशातून मागवण्याचा खर्च परवडत नाही. खर्च करायचाच नसेल तर आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या अधिकृत संकेतस्थळावर सगळे नियम फुकट आहेत आणि शोधायलाही पुस्तकापेक्षा सोपे. टेबलावर चार जण, वीस बाजूंचा एक फासा प्रत्येकी, आणि डीसीचा तक्ता छापून जीएमसमोर. पहिल्या दिवशी तीन ॲक्शन, चार निकाल आणि ट्रीट वून्ड्स एवढंच शिकवा. ढाल दुसऱ्या दिवशी.